एक भिंत मले द्या

कार्तिक लागला की आमच्या भंडारा जिल्ह्याला दोन वास येतात. एक कापलेल्या धानाचा. शेतांतल्या बांध्यांमध्ये कडपा, म्हणजे कापून आडव्या ठेवलेल्या धानाच्या मुठी, पसरलेल्या असतात, दवाने ओल्या झालेल्या, आणि सकाळचं ऊन चढलं की त्यांतून एक कोमट, गोडसर वाफ निघते. शेजारच्या घरी कुणीतरी नव्या तांदळाचं भांडं नुकतंच उघडलंय असं वाटतं. दुसरा वास ऑइल पेंटचा. दिवाळीत ज्यांचं रंगकाम राहून गेलं ते मंडईच्या पाहुण्यांसाठी घाईघाईने दारं-खिडक्या रंगवून घेतात. मंडई म्हणजे भाऊबीजेनंतर गावोगाव भरणारी आमच्याकडची जत्रा. लेकी माहेरी येतात, दंडारीचा नाच होतो, नाटक होतं, आणि पाहुणा पाठीवर दाराचा हिरवा पट्टा घेऊन परत जातो. माझ्याकडे असे तीन शर्ट आहेत.

यंदा हे दोन्ही वास आले आणि बायकोने माझ्यापुढे शेडकार्ड ठेवलं. भंडाऱ्यातलं हे घरही भाड्याचंच. पल्लवी म्हणाली, "हॉलला रंग देऊ या. घरमालक हो म्हणालेत. फक्त रंग तुम्ही ठरवायचा नाही."

"का बरं?"

"लाखनीचं घर आठवा. मग मला विचारा."

मला आठवावं लागत नाही. ते शेडकार्ड कुणी नुसतं उघडलं तरी त्यातल्या चौकोनांमागे एक माणूस उभा राहतो, अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, हातात लोखंडी पेटी घेऊन. सात वर्षं झाली. मी शेडकार्ड मिटून टाकतो आणि म्हणतो, पांढरा दे.

सात वर्षांपूर्वी लाखनीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल म्हणून लागलो. नवं लग्न झालेलं. पल्लवी नागपुरात परीक्षेला बसलेली, तुळशीच्या लग्नानंतर येणार होती. मी महामार्गाच्या कडेला एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. मालक त्याला 'वरचं' म्हणायचे, मी त्याला 'माझा फ्लॅट' म्हणायचो. ट्रक गेला की खिडकीची काच बोलायची आणि मांडणीवरच्या वाट्या तिला उत्तर द्यायच्या. भिंतींचा रंग असा की त्याला रंग म्हणणं ही रंगांची बदनामी. मी मोबाईलवर घरसजावटीचे व्हिडिओ पाहायला लागलो. त्यातली सडपातळ माणसं सांगायची, घर भाड्याचं असलं तरी आयुष्य तुमचं आहे, त्याला तुमचा रंग द्या. मला हे फार पटलं. माझा रंग कोणता, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

खाली मालक राहायचे, शालिककाका आणि काकू. काका पेंटर. फ्लेक्सचे बोर्ड यायच्या आधी लाखनीतल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या, कितीतरी ट्रकांच्या पाठीवरची कमळंही. पण त्यांचं खरं काम आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, चौकाचा पडदा. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'शालिक आर्ट'. मग एकेक करून पाट्या उतरल्या, पडदेही छापून यायला लागले, आणि काकांनी वरचा मजला भाड्याने दिला. ही सगळी माहिती मला पहिल्याच आठवड्यात काकूंनी दिली होती. मी 'हं, हं' करत ऐकली होती.

परवानगी मागायला मी खाली गेलो. काका घरापुढच्या सपरीत खाटेवर बसले होते.

"काका, वर थोडा रंग मारला तर चालेल का? खर्च माझा."

"मारा ना जी. कोनता मारून राहिले?"

मी मोबाईल दाखवला. विटकरी आणि केशरी यांच्या मधला कुठलासा रंग, समोर वेताची खुर्ची, खुर्चीवर मांजर. काकांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला. "हा फोटोतला रंग हाये, सर. भिंतीवर गेला का वेगळा बोलते. अन् खाली चुना हाये, लय वर्साचा थर. घासल्याबिगर हा डब्यातला रंग पकडनार नाई."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी लहानपणापासून तरबेज आहे, ऐकण्याशी तिचा संबंध नसतो.

मी उठलो तेव्हा काका खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, "एक भिंत मले द्या."

"म्हणजे?"

"पलंगासमोरची. बाई येनार हायेत ना तुमच्या. नव्या घरात आल्यावर पुढे काई पाहाले त पाह्यजे. मी चित्र काढून देतो. पैसे-बियसे नाई पाह्यजेत."

माझ्या डोळ्यांपुढे कटिंगच्या दुकानातला धबधबा आला. दोन राजहंस माना जुळवून बसलेले, मागे सूर्य, बाजूला पाणी पिणारं हरण. माझ्या फ्लॅटमध्ये, वेताच्या खुर्चीसमोर, हरण. मी म्हणालो, "हो काका, काढा ना. मंडईच्या सुमाराला पाहू."

आमच्याकडे नाही म्हणायची रीत नाही. स्थळ घेऊन आलेल्याला, वर्गणी मागणाऱ्याला, सगळ्यांना आम्ही 'पाहू' म्हणतो आणि समोरचा काय ते समजून चहा पिऊन जातो. पण मी त्या 'पाहू'च्या आधी 'काढा ना' असं म्हणून बसलो होतो. काकांनी तेवढंच ऐकलं. त्यांच्या जागी मीही तेवढंच ऐकलं असतं.

दसऱ्याच्या सुट्टीत मी रंगकाम काढलं. भिंत घासली नाही. व्हिडिओत कुणी घासत नव्हतं. पहिला हात बसला तेव्हा रंग ओला होता आणि मी स्वतःवर खूष होतो. वाळल्यावर तो कच्च्या कलेजीसारखा दिसायला लागला. मी दुसरा हात दिला, कलेजी जास्त ताजी झाली. तिसऱ्या दिवशी पंखा लावून जेवायला बसलो तर भिंतीवरून तळहाताएवढा पापुद्रा सुटला आणि गिरक्या घेत माझ्या वरणात उतरला. मग महामार्गावरून एकेक ट्रक जाई आणि एकेक पापुद्रा पडे. काही दिवस मी घरात दुपट्टा डोक्यावर घेऊन वावरलो.

सजावटीचं बाकी कामही जोरात चाललं होतं. बाटल्यांना सुतळी गुंडाळली. गावाहून आईचं नवं सूप आणलं, त्याला लाल ऑइल पेंट फासून त्यावर पांढरी नक्षी काढली आणि ते बैठकीत टांगलं. काकू एकदा वर आल्या, सूप पाहून थबकल्या.

"सर, हे सूप उंदरानं खाल्लं असतं म्हनून टांगलं का?"

"नाही काकू, शोभेचं आहे."

त्यांनी ते उतरवलं, बोटाने रंग खरडला, हुंगलं. "आता यानं तांदूर कसे पाखडाचे? रंगाचा वास लागते ना दान्याले." आणि परत टांगताना त्याचं तोंड भिंतीकडे केलं. त्या गेल्यावर मी सरळ केलं. पुढच्या वेळी ते पुन्हा भिंतीकडे. आमचं हे पुष्कळ दिवस चाललं.

एका दुपारी काका सुतळी घेऊन भिंत मोजायला आले. कलेजीकडे त्यांनी पाहिलं. खाली पडलेला एक पापुद्रा उचलून उलटा केला, त्याच्या पाठीला लागलेला चुना अंगठ्याने पुसला आणि तो खिडकीत ठेवून दिला. मग सुतळीला गाठी मारत विचारलं, "तुमी आसगावचे ना जी? तुमच्या गावचा तलाव कोन्या अंगाले हाये?"

"गावाच्या... वरच्या अंगाला."

"पारीवर काय झाडं?"

आता खरं सांगायचं तर दहावीनंतर मी तलावाच्या पारीवर, त्या मातीच्या बांधावर, पाय ठेवला नव्हता. बेशरमीची झुडपं असतील, म्हशी असतील. पण प्रश्न आला की उत्तर द्यायची माझी खोड, आणि समोरचा भाबडा असला की ती जास्तच उफाळते. मी म्हणालो, "एक चिंच आहे काका. इतकी वाकडी की तिच्या फांद्या पाण्यात बुडतात. पोरं फांदीवरून चालत जाऊन मध्यावर उड्या मारतात."

"कोन्या बाजूले वाकली?"

"उगवतीकडे."

काकांनी मान डोलावली आणि डोळे मिटून क्षणभर ती चिंच पाहिली. मला हसू आवरत नव्हतं. संध्याकाळी पल्लवीला फोनवर ही गंमत सांगितली, तीही हसली. ती हसली होती हे तिला आजही बोचतं, पण त्यात तिची काही चूक नाही. तिला काकाच माहीत नव्हते.

त्यानंतरचा पंधरवडा आता आठवतो तेव्हा मला जिना दिसतो. मी कॉलेजला जाताना रोज तो उतरायचो आणि खाली सपरीत काहीतरी चाललेलं असायचं. चुलीवर डब्यात रंग कालवायचा सरस शिजतोय, त्याचा उग्र वास. वर्तमानपत्रांवर रंगांच्या भुकट्यांच्या लहान लहान राशी मांडल्यात, पिवळी पेवडी, तांबडी हिरमिजी, नीळ, सफेदा. काका बोटाने दोन राशी एकत्र करून उन्हात धरतायत, मान हलवून पुसून टाकतायत. एक दिवस तर ते गुणगुणत होते. मी सगळं पाहत होतो. मला कळत होतं की हे माझ्या भिंतीसाठी चाललंय. मी 'काय काका, मजेत ना?' म्हणायचो आणि गाडीला किक मारायचो. उद्या सांगू. आज त्यांचा मूड चांगला आहे. असे माझे उद्या गेले.

तुळशीचं लग्न लागलं. काका मंडईसाठी लेकीकडे नाकाडोंगरीला गेले. जाताना जिन्यातून ओरडून सांगून गेले, "आलो का भिंत घेतो, सर." पल्लवी दोन दिवसांत यायची होती आणि पलंगासमोरची भिंत अर्धी चुन्याची, अर्धी कलेजीची, गजकर्ण झाल्यासारखी. मी घाबरलो. फ्लेक्सच्या दुकानात गेलो, संगणकावर चित्रं पाहिली आणि एक निवडलं. परदेशातलं जंगल, तांबड्या पानांचं, मधून वाट गेलेली. फ्लेक्सवाल्याने तासाभरात भिंत झाकून दिली. भिंतीचा प्रश्न सुटला आणि काकांचाही सुटला, असं मी स्वतःला सांगितलं. म्हातारा माणूस, लेकीकडे गेलाय, विसरेल.

पल्लवी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. काका अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे. हातात लोखंडी पेटी, काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेले ब्रश. मागे काकू, ताटात नारळ, कुंकू, उदबत्ती. पडदा सुरू करण्याआधी ते नेहमी नारळ फोडत, हे मला तेव्हा कळलं.

"या ना काका," पल्लवी म्हणाली. तिला वाटलं नव्या सुनेला भेटायला आलेत.

काका आत आले आणि थांबले. मी खिडकीतून ट्रक पाहू लागलो. ते भिंतीजवळ गेले, फ्लेक्सवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. मग मागे सरून डोळे बारीक केले, जसा कुठलाही कारागीर दुसऱ्याच्या कामाकडे पाहतो.

"उजेड डाव्या अंगानं येऊन राहिला," ते म्हणाले. "मंग या झाडाची सावली डावीकडेच काहून?"

मी पाहिलं. खरंच होतं. त्यानंतर त्या जंगलात मला ती सावली सोडून काही दिसलं नाही.

"अन् कोना सुटला हाये तुमचा." त्यांनी पेटी उघडली. आत कोळसे, नीळ लावलेली सुतळी, वाट्या, सगळं आपापल्या जागी. त्यातून त्यांनी चार बारीक खिळे आणि हातोडी काढली, पल्लवीने दिलेल्या स्टुलावर चढले आणि माझ्या फ्लेक्सचा कोपरा ठोकून दिला. सुरकुती राहिली होती, तीही तळव्याने दाबून काढली. उतरले. "बेस झालं. मेहनत वाचली."

काकू ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. "नारळ आनला हाये त फोडूनच टाका," त्या कुणाकडे न पाहता म्हणाल्या. आणि काकांनी उंबऱ्यावर नारळ फोडला, तांबड्या जंगलाला कुंकू लावलं, आम्हा दोघांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

ते गेल्यावर पल्लवीने विचारलं, "हे कायचं खोबरं आहे?"

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "तुम्ही त्यांना हो म्हणाला होतात?"

"पाहू म्हणालो होतो."

"मग पाहिलं ना आता," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

त्या घरात आम्ही दोन वर्षं राहिलो. काकांनी भिंतीचा विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. तांबडी पानं उन्हाने गुलाबी झाली, मग निळसर. घर सोडताना मी फ्लेक्स गुंडाळून भंगारात दिला. खाली ओल धरलेला चुना होता.

माझ्या फजित्या मी कुणापासून लपवत नाही. कलेजीची आणि वरणातल्या पापुद्र्याची गोष्ट मी लग्नाच्या पंगतीत सांगतो, लोक ठसका लागेपर्यंत हसतात. सूप सांगतो, वाकडी चिंचही सांगतो. नारळाच्या थोडं आधी थांबतो आणि जिलबी वाढायला सांगतो.

यंदा पल्लवीने शेडकार्ड परत घेतलं आणि म्हणाली, "लाखनीला जा. आणि या वेळी एकच काहीतरी बोला, हो नाहीतर नाही."

मी गेलो. महामार्गावर आता पूल झालाय, ट्रक डोक्यावरून जातात. काका त्याच सपरीत होते, काकूंनी चहा दिला. काकांनी कप दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत चहा सांडला. मी ते पाहिलं आणि 'आमच्या हॉलची एक भिंत तुम्ही घ्या' असं सांगायला आलो होतो, ते बोललो नाही. त्याऐवजी म्हणालो, "काका, आसगावच्या तलावावर चिंच नाही."

"मले मालूम हाये."

"मालूम कसं नसंल," काकू आतून म्हणाल्या. "दोन गाड्या बदलून गेले होते तुमच्या गावाले. म्या भाकर बांधून देली. म्हने, न पाहता तलाव काढाचा नाई."

मी काकांकडे पाहिलं. ते बशीतला चहा कपात ओतत होते. "मोहाचं झाड हाये तेथं," ते म्हणाले, "पार जेथं वाकते तेथं. एक म्हातारा म्हसरं धूत होता, त्याले पुसलं. तो म्हने चिंच कवाच नव्हती."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलाचं? मानूस गावातून निंगाला का झाडं इकडचे तिकडे होतात. म्या दोनी काढनार होतो. मोह होता म्हनून, अन् चिंच तुमाले पाह्यजे म्हनून."

पुलावरून एक लांब ट्रक गेला.

"तवाच नाई म्हनाचं होतं, सर," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. "दुसऱ्या कोनाले भिंत मांगितली असती. त्या वर्सी हात चांगला होता."

"जाऊ द्या आता," काकू दारात आल्या. "तो महिना बरा गेला तुमचा. एक दिवस खेकसले नाई माह्यावर."

काकूंनी हे माझ्यासाठी म्हटलं, हे मला कळलं. ते घेऊन सुखाने घरी जाता आलं असतं. मी म्हणालो, "काका, कुठे काय काढणार होतात, सांगा ना."

त्यांनी कप खाली ठेवला. समोर सपरीचे दोन खांब होते आणि त्यांच्या मधून रस्ता दिसत होता. त्या दोन खांबांच्या मधली जागा त्यांनी डोळ्यांनी मोजली आणि बोट उचललं.

"हे पार. येथून अशी जाते, मधात वाकते. हे पानी. नीळ कमी, पेवडी जास्त, सकारचं पानी हिरवं असते. हा मोह. हे तुमची चिंच, उगवतीकडे. या कोन्यात बांध्या, धान कापलेला, कडपा पडून हायेत." हात थरथरत होता, त्यामुळे पाण्याची रेघ दोनदा तुटली. ती त्यांनी दोन्ही वेळा परत जोडून घेतली. "अन् येथं पारीवर एक बाई. पाठमोरी."

"कोण?"

"घरची बाई. नवी आली हाये, गाव पाहून राहिली."

मग बोट खाली उजव्या कोपऱ्यात गेलं, तिथे क्षणभर बारीक हाललं आणि थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दिसलं का?"

अशा प्रश्नांना मी जन्मभर हो म्हणत आलोय. जिभेवर तेच आलं होतं. समोर दोन खांब होते, रस्ता होता, एक माणूस सायकलवर धानाचं पोतं घेऊन चालला होता.

"नाही काका," मी म्हणालो.

त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"कसं दिसंल," ते म्हणाले. "रंग कोठं लावला हाये."